डावं-उजवं

३ फेब्रुवारी

हिला,

नमस्कार-चमत्कार तुझे तू समजून घे. तुझं उत्तर मिळालं. माझंच पत्र, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं एक ओळ: ‘स्वतःचा शर्ट स्वतः बेता, स्वतः शिवा, अंगात घालून या. मग बोलू.’ तुझी ताई जन्मभर शाळेत हेडबाई होती. तिच्या घरात एक कोरा कागद मिळू नये? फोन तर तू उचलतच नाहीस. हेडबाई उचलते आणि ‘कोण बोलतंय?’ असं विचारते, जसा काही मी उशिरा वर्गात शिरलेला पोरगा आहे. म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

अट मला मान्य आहे. ‘मग बोलू’चा अर्थ मला कळतो. घर सोडून गेलेल्या बाईला ‘येते’ असं सरळ म्हणणं जड जातं, तिला एखादी अट घालून परत यायचं असतं. घाल बापडी. मी शर्ट शिवला की तू घरी, एवढं ठरलं असं मी धरून चालतो.

मुळात झालं काय होतं? लेकीच्या नव्या घरी सगळे जेवायला जमलो होतो. तू सगळ्यांसमोर मला नवा शर्ट दिलास, निळसर रेघांचा. मी तो टेबलावर पसरला, मधोमध घडी घातली आणि डावी बाजू उजवीवर ठेवून पाहिली. जुळेना. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. मी म्हणालो, ‘नापास.’ माणसं हसली. यात माझं काय चुकलं? जावई तर एवढा हसला की त्याला ठसका लागला, आणि तो माणूस एरवी फक्त स्वतःच्या विनोदांना हसतो. मी कारखान्यात तपासनीस होतो, मालाची घडी घालून डावं-उजवं बघणं हे माझं कामच होतं. कामगार माझ्या पाठीमागे मला ‘नापास’ म्हणायचे. त्यांनी कधी नोकरी सोडली नाही. तू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस, तो शर्ट नीट घडी करून पलंगावर ठेवलास, मशीन जागेवर सोडलंस आणि मोठी कात्री तेवढी घेऊन गेलीस. दागिने घेऊन माहेरी जाणाऱ्या बायका ऐकल्या होत्या. कात्री घेऊन जाणारी मी पहिलीच पाहिली.

शिवणकाम म्हणजे असं काय मोठं आहे? माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं. दुपारी झोप न येणाऱ्या बायकांनी काढलेला उद्योग तो. मी लोखंडाचे भाग केसाएवढ्या फरकावरून परत पाठवलेत, कापडाची काय मजाल!

कात्री लगेच पाठव. तुझी जागा झाडून ठेवतो.

तुझा नवरा

११ फेब्रुवारी

हिला,

कात्री आली नाही. भाजीच्या कात्रीवर भागवावं लागलं. तिनं कापड कापलं जात नाही, चावलं जातं. तरी मी कापलं.

मापं मी स्वतः घेतली, कागदावर आकृती काढली, ती दोनदा पडताळली. छाती जेवढी भरली तेवढंच कापड. पाठ जेवढी तेवढीच. माप म्हणजे माप. तुझ्या त्या मशीनला पाय लावला की ते आधी उलटं धावतं, ही सोय कोणत्या शहाण्यानं करून ठेवली कोण जाणे. दोरा तुटायचा, पुन्हा ओवायचा, पुन्हा तुटायचा. तुझ्या यंत्राला मालकीण सोडून दुसऱ्याचा पाय चालत नाही असं दिसतं. पण तेही मी वठणीवर आणलं आणि शर्ट शिवून काढला.

तो अंगात गेला नाही. एक बाही गेली, दुसरा हात हवेतच राहिला, आणि मी त्यात तसाच अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी खिडकीतून खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारावी लागली. त्यानं वर येऊन मला त्यातून सोडवलं, शर्ट हातात धरून पाहिला आणि विचारलं, ‘काका, नातवासाठी का?’

मी म्हटलं, ‘खाली जा, इस्त्री करपेल.’

मग लेकीचा फोन आला. मी तिला काही सांगणार नव्हतो, पण तिनं खोदून खोदून काढून घेतलं.

‘बाबा, माया सोडली होती का?’

‘कुणाची?’

‘कुणाची काय, कापडाची! शिलाईत जाते ती. आई नेहमी म्हणायची ना, दोन्हीकडून माया सोडून काप.’

शिलाईत दबणाऱ्या जास्तीच्या कापडाला हा नाजूक शब्द कोणत्या हळव्या शिंप्यानं चिकटवला? आमच्याकडे त्याला ‘जादा’ म्हणत, आणि जादा सोडणाऱ्याला मेमो मिळे. मी लेकीला तसं म्हणालो. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही खरंच आईला आणायला शर्ट शिवताय?’ मी म्हणालो, ‘आईला आणायला नाही, आईची खोड मोडायला.’ ती म्हणाली, ‘बरं.’ तिचं ते ‘बरं’ हुबेहूब तुझ्यासारखं आहे, ऐकल्यावर डोक्यात जातं.

पहिला शर्ट आता फरशी पुसतो. आपल्या फरशीच्या मानानं कापड जरा उंची आहे.

मोठी कात्री पाठव. आता तिसऱ्यांदा मागणार नाही.

तुझा नवरा

२० फेब्रुवारी

हिला,

कात्री पाठव.

तू माझ्या गेल्या पत्राच्या पाठीवर विचारलंस: ‘तो रेघांचा घालून पाहिलात का?’ मी काय विचारतोय आणि तू काय विचारतेस! पण त्यावरून एक सुचलं. तो शर्ट पलंगावर पडून होताच. मी त्याचा नमुना धरला. कागदावर पसरून चारी बाजूंनी पेन्सिल फिरवली, आणि तुझी चूक उघडी पडली. नुसता उजवा खांदाच खाली नाही, तर उजवा मुंढाही, म्हणजे बाही बसते तो गोल, तोही तेवढाच खाली उतरलेला. पुढे तसं, पाठीलाही तसंच. एक चूक समजू शकतो. तू ती चारही ठिकाणी न चुकता केलीस, याला काय म्हणायचं?

मी ती दुरुस्त केली. डावी बाजू बरोबर होती, ती धरली, कापड दुहेरी घडीत घातलं आणि एकदमच कापलं. म्हणजे डावं-उजवं इकडचं तिकडे व्हायचा प्रश्नच उरला नाही. माया सोडली. (सोडली, सोडली, ऐक.) काजांना दोन दिवस गेले. कॉलर तीनदा उसवली. तयार झालेला शर्ट टेबलावर पसरून घडी घातली तर काठाला काठ असा बसला की कारखान्यात मी त्यावर डोळे मिटून शिक्का मारला असता.

मग अंगात घातला. उजवीकडे मानेपासून काखेपर्यंत तिरक्या चुण्या. बटणपट्टी पोटावरून डावीकडे निघालेली. खालचा घेर उजवीकडून लोंबतोय, जसं काही त्या खिशात कुलूप ठेवलंय. मी दाराशी उभा राहून इस्त्रीवाल्याला वर बोलावलं.

तो म्हणाला, ‘काका, वाकून का उभे आहात?’

‘मी सरळ उभा आहे.’

‘मग शर्ट वाकून उभा आहे.’

शिकल्या-सवरल्या माणसाशी असं बोलायचं धाडस याला कोण देतं? तूच. येता-जाता त्याची विचारपूस करून तू त्याला डोक्यावर चढवून ठेवलंस.

कापडात दोष असणार, ताणा, म्हणजे उभा धागा, तिरका असणार. दुकानदार तसलाच दिसत होता. आरसाही जुना आहे, त्यात उजवी बाजू ओढल्यासारखी दिसते. तेवढी एक शंका काढून टाकायची म्हणून मी तुझा रेघांचा शर्ट घातला. फक्त तुलनेसाठी.

तो बसला. चुणी नाही, घेर सरळ, बटणं नाकाच्या रेषेत. आता यावरून तू काही समज करून घेऊ नकोस. नापास मालही कधीकधी वापरात चालून जातो, हे मी कारखान्यात पाहिलेलं आहे. मी तो लगेच काढून ठेवला.

तुझा नवरा

१ मार्च

हिला,

तू या वेळी उत्तरच दिलं नाहीस, म्हणजे तुला सगळं माहीत होतं.

मी रीतसर तपासणी केली. आधी बैठकीची भिंत तपासली, ओळंबा सोडून. भिंत सरळ आहे. आरसा उतरवून शेजाऱ्यांच्या आरशाशी ताडून पाहिला. आरसाही चांगला निघाला. मग भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि इस्त्रीवाल्याला दोन्ही खांद्यांवर खडूची खूण करायला लावली. त्यानं खुणा केल्या, बाजूला झाला आणि खडू माझ्या हातात दिला. उजवी खूण डावीपेक्षा बोटभर खाली होती. मी पट्टी लावली. कारखान्यात मी मोजमापांची लोखंडी पेटी याच खांद्यावर वागवायचो. त्या पेटीचं हे काम. माझं नव्हे.

म्हणजे मी वाकडा आहे, तुला ते ठाऊक होतं, आणि लग्नानंतरचा माझा एकूण एक शर्ट तू त्या वाकडेपणाच्या मापानं शिवत होतीस. मी आरशात पाहत होतो तो सरळ माणूस तू शिवलेला होता. मला राग आला, सांगून ठेवतो. भयंकर राग आला. लोकांच्या मालाचं डावं-उजवं बघत मी ऐटीत हिंडलो आणि घरातली बाई रोज सकाळी माझा खांदा उचलून धरत होती, तेही मला न विचारता! वाकडी वस्तू सरळ म्हणून खपवणं, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात. असा माल पाठवणाऱ्या ठेकेदाराला मी दारात उभा केला नसता.

आणि त्या दिवशी टेबलावर सगळे हसत होते तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं? एक वाक्य पुरलं असतं. ‘अहो, खांदा तुमचा खाली आहे.’ बस्. हसू माझ्यावर उलटलं असतं आणि तू जिंकली असतीस. तुला जिंकताही येत नाही. शर्टाची घडी केलीस, मांडीवर ठेवलीस आणि लेकीला म्हणालीस, ‘भात वाढ यांना.’ असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तू कपाटात आणि दारामागे काही कपडे टाकून गेली आहेस. दारामागे तो जुना गाऊन आहे, फिकट जांभळा. तोही मी टेबलावर घेतला, कारण तुझ्या हातचं सगळं तपासायचं असं मी ठरवलं होतं. तुझं डावं-उजवं जुळतं. तू सरळ आहेस, अभिनंदन. पण पाठ! खांद्यांच्या मध्ये कापड गोळा होऊन तिथं आडवी चुणी पडलेली आहे, इतकी जुनी की इस्त्रीनंही ती गेली नाही. कपाटातले दोन ड्रेस पाहिले, त्यांनाही तिथंच चुणी. माझ्या पाठीवर कधी एक सुरकुती राहू न देणारी बाई स्वतः असल्या पाठी घेऊन बाजारात हिंडायची. नापास. तिन्ही नापास. लोकांचं शिवायचं आणि स्वतःचं असं वाऱ्यावर सोडायचं, ही कसली कारागिरी?

मशीन खिडकीपाशी हलवलं. तू कधीची मागे लागली होतीस. उजेड खरंच जास्त येतो तिथं, पण धूळही येते.

तुझा नवरा

१२ मार्च

हिला,

शेवटी लिहिलंस. ‘तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही काय नापास केलं असतं, शर्ट की खांदा?’ हेडबाईच्या घरी राहून तुला उलटे प्रश्न विचारायची सवय लागली आहे. याचं उत्तर मी देणार नाही.

तिसरा शर्ट होत आला. या वेळी घडीवर कापला नाही. डावं वेगळं, उजवं वेगळं. उजवं कापताना कात्री दोनदा खाली ठेवली, कारण डोळ्यांदेखत चुकीचं माप कापायचं म्हणजे माझ्यासारख्याला काय होतं ते तुला कळायचं नाही. आधी कच्च्या टाक्यांनी जोडला. पुढून खांदा बरोबर आला. मग पाठीकडे वळलो, आणि तिथं अडकलो.

स्वतःच्या पाठीला टाचण्या लावता येत नाहीत. तू हे कधी बोलली नाहीस. हात मागे नेला की खांदा वर होतो, खांदा वर झाला की कापड सरकतं, आणि जिथं चुणी होती तिथून ती पळून जाते. हात खाली आणला की चुणी पुन्हा जागेवर. आरशाकडे पाठ करून मान वळवली तर अख्खी पाठच पिळवटते. दोन आरसे समोरासमोर ठेवून पाहिले, त्यात डावं कुठलं आणि उजवं कुठलं यातच घोळ झाला आणि टाचणी मला टोचली. शेवटी इस्त्रीवाल्याला बोलावलं. त्यानं दोन टाचण्या लावल्या, तिसरी माझ्या पाठीत लावली आणि म्हणाला, ‘काका, हे घरच्या माणसाचं काम आहे.’

मग मला दारात उभी राहिलेली तू आठवलीस. ओठांत टाचण्या, अंगात अर्धवट शिवलेलं काहीतरी, एक हात मानेमागे. टाचण्या तोंडात असल्यामुळे तू ‘जरा मागून धरता का?’ हे नाकातून म्हणायचीस. मी बातम्या ऐकत असायचो. ‘मला दुसरे उद्योग आहेत,’ असं मी म्हणायचो. बातम्या तेव्हा महत्त्वाच्या असायच्या. आता त्यातली एक आठवेल तर शपथ. तू दोन-तीन वेळा विचारून पाहिलंस आणि मग विचारणं सोडलंस. माणसानं जरा हट्ट तरी धरावा की नाही?

असो. उपाय मी काढला आहे. पाठीवर टाचण्या लावण्याचं काम आल्यावर माझ्याकडे. नजर अजून चांगली आहे, हात थरथरत नाही, आणि दोष शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. दारामागचा जांभळा गाऊन पहिला घेऊ. उसवून ठेवला आहे.

रविवारी येतो. माझा शर्ट अंगात घालून. बॅग भरून ठेव, तिथं बसून हेडबाईचा पाहुणचार घ्यायची मला हौस नाही. कात्री आता पाठवू नकोस. येताना घेऊन ये.

तुझा नवरा

१९ मार्च

हिला,

काल तुझ्याकडून निघालो तो चुकीच्या बसमध्ये बसलो. ती पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. कंडक्टरला वाटलं मी मुद्दाम फिरतोय.

तू जे बोललीस ते मी इथं पुन्हा लिहितो, म्हणजे ऐकण्यात माझी काही चूक झाली असेल तर तुला सांगता येईल.

दार हेडबाईनं उघडलं. ‘चपला सरळ ठेवा,’ म्हणाली. मी ठेवल्या. ती आत निघून गेली, आणि आतून सगळं ऐकत होती हे तिच्या खोकल्यावरून कळत होतं. तू हात पुसत आलीस. मला वाटलं आधी शर्टाकडे बघशील. तू आधी तोंडाकडे पाहिलंस.

‘बारीक झालात.’

‘शर्ट बघ.’

‘वळा.’

मी वळलो. तू उजव्या खांद्यावर हात ठेवलास, शिवणीवरून बोट फिरवलंस, मुंढ्यापाशी जरा थांबलीस. तिथं माझं थोडं चुकलंय, ते मला माहीत आहे. मग तू म्हणालीस, ‘बसला.’

‘पास म्हण की.’

‘पास-नापास तुमचं. मी बसला म्हणते.’

मी बॅग कुठे आहे असं विचारलं. तुला आधी कळलंच नाही मी काय म्हणतोय ते. मग कळलं, आणि तू खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलीस. मला तेव्हाच निघायला हवं होतं.

‘बसा. मग बोलू म्हणाले होते ना? बोलते. मी येत नाही.’

‘आज नाही?’

‘आज नाही, नंतरही नाही.’

‘अट होती.’

‘बोलायची अट होती. बोलले.’

‘मग मला हा शर्ट कशाला शिवायला लावलास? गंमत बघायला?’

‘अहो, गंमत कसली? मी निघाले तेव्हा तुमचे सगळे शर्ट विरत आले होते. इथं आल्यावर रोज मनात यायचं, हे आता दुकानातला तयार शर्ट घालणार. खांदा दिसणार. लोकांना हसायला तेवढंच हवं असतं, तुम्ही कमी जणांना दुखावलंय का? त्या एका काळजीनं दोनदा बॅग भरली मी. ताईला विचारा. मग म्हटलं, यांचं यांना शिवता आलं तर माझा जीव मोकळा होईल.’ आणि तू हसलीस. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं तुला. ‘झाला मोकळा. छान शिवलाय हो.’

हे शब्द बरोबर आहेत ना? तुझ्या तोंडून एवढं सलग मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून विचारतो.

मग तू चहा ठेवायला वळलीस. अंगात विटकरी रंगाचा ड्रेस होता, नवा, घरी शिवलेला. शिलाई तुझ्याच हाताची, ती मी कुठेही ओळखीन. तू ओट्यापाशी उभी होतीस आणि मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. मी दोष शोधत होतो, खोटं का बोलू? खांद्यांच्या मध्ये, त्या जागी, मी डोळे ताणून पाहिलं. तू वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच केलास, तेव्हा तरी चुणी पडेल म्हणून वाट पाहिली. नाही पडली.

मी विचारलं, ‘टाचण्या कोण लावतं?’

तू म्हणालीस, ‘ताई.’

आतून हेडबाई म्हणाली, ‘वाकडी लागली तर ओरडते माझ्यावर.’ आणि तुम्ही दोघी हसलात. तू, ओरडतेस! ते बघायला मला तिकीट काढावं लागलं तरी चाललं असतं.

चहात साखर कमी होती. जिना अरुंद आहे. हेडबाईच्या बैठकीतलं घड्याळ पुढे आहे आणि चौकट भिंतीला काटकोनात नाही. हे सगळं मी त्याच वेळी सांगणार होतो, पण राहून गेलं. दुसरंही एक राहून गेलं. तोंडी जमलं नाही, म्हणून लेखी देतो. विटकरी ड्रेस तपासला. पाठ, खांदे, कंबर, घेर. दोष आढळला नाही. पास.

जांभळा गाऊन उसवलेला आहे, त्याचे भाग गुंडाळून पाठवतो. तुमच्याकडे माणूस आहे, पाठ नीट करून घ्या. मशीन मात्र मागू नकोस, मला आणखी एक शर्ट बेतायचा आहे. मुंढ्यात काय चुकलं ते माझ्या लक्षात आलं आहे.

निघताना तू माझ्या हातात जे पुडकं दिलंस, रेघांच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलेलं, ते बसमध्ये उघडलं. कात्री मिळाली. धार तशीच आहे, तेल घातलेलं दिसतं. मी ती तुझ्याकडे पत्रामागून पत्रात मागत होतो हे खरं आहे. पण ती तू घेऊन येशील असं धरून मागत होतो.

मी